पाच भोकांचा डबा

आमच्या मालकांच्या घरात सहा खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या एकीवरही मालक बसलेले मी नऊ वर्षांत पाहिले नाहीत. मालक म्हणजे घरमालक. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि जेवण तर ताट हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत. वरण सांडायचं नाही, ही त्यांची करामत. मालकीणबाई म्हणायच्या, "अक्का, हा माणूस लग्नाच्या पाटावर बसला न्हवता नीट. भटजी मंत्र म्हणालेत आणि हे उठून मांडवाची दोरी तपासालेत."

मालक ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. "सैल होती की दोरी," एवढंच.

घरात तेलुगू, आमच्याशी मराठी आणि खालच्या विणायच्या मागाशी दोन्ही भाषा, असं त्यांचं बोलणं. मला ते अक्का म्हणायचे, वयानं माझ्यापेक्षा मोठे असून. तेलुगूतला त्यांचा एक शब्द मला पहिल्या आठवड्यातच पाठ झाला, "आगंडी". म्हणजे थांबा. दिवसातनं शंभरदा तरी म्हणत असतील. स्वतः धावत असायचे आणि बाकी सगळ्यांना सांगायचे, आगंडी, आगंडी. दूधवाल्याला, मांजराला, मीटर बघायला आलेल्या माणसाला. एकदा मी म्हटलं, "मालक, तुम्ही थांबा की जरा." तर म्हणाले, "मी थांबलो तर बगणार कोन?"

काय बघायचं असायचं, हे विचारू नका. तरुणपणी ते मिलमध्ये जॉबर होते. अठ्ठावीस माग त्यांच्या ताब्यात. मागांच्या रांगांतनं दिवसभर चालायचं, कुठल्या मागाचा आवाज बदलला ते चालता चालता ओळखायचं, आणि तिथं जाऊन हात घालायचा. पुढं मिल बंद झाली, पण मालकांचं चालणं काही बंद झालं नाही. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांनी स्वतःचे चार माग टाकले, टॉवेलचे, आणि अठ्ठावीस मागांचं चालणं त्या चार मागांत भागवायला लागले. ते कसं भागणार? उरलेलं चालणं मग घरभर सांडायचं.

मी वळसंगची. लग्न करून सोलापुरात आले, धनी लवकर गेले, आणि मालकांच्या वरच्या मजल्यावर मागल्या बाजूच्या दोन खोल्यांत मुलाला घेऊन राहायला आले. खालच्या मागांवर निघालेल्या टॉवेलांच्या कडा शिवायचं काम मालकांनीच दिलं. मशीन माझं, टॉवेल त्यांचे. आमच्या खोल्यांपुढं लांब गॅलरी होती आणि तिच्या पार दुसऱ्या टोकाला एक खोली, कुलूप घातलेली. ती त्यांच्या मुलाची. मुलगा पुण्यात, कॉम्प्युटरवरचं काम. मालकीणबाई एकदा टॉवेल मोजून घेता घेता सांगत होत्या, "चार दिवस राहतो म्हणून आलता दसऱ्याला. दुसऱ्या दिवशी निघाला. आई, खोलीत रेंज नाय, काम अडतंय म्हणाला. बापानं बॅग तेवढी धरली." त्या हे सांगत होत्या तेव्हा मालक खाली मागांत होते, म्हणून बोलल्या. ते असताना मुलाचा विषय काढत नसत.

आता आमच्या घरातली गोष्ट. सून आली, दीपा. बोलायला गोड आणि डोक्यानं तल्लख. नात झाल्यावर तिनं एक काम धरलं, पुण्याच्या कंपनीचं. कानाला ते हेडफोन लावायचे, लॅपटॉप पुढ्यात घ्यायचा आणि कुणाकुणाच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या. मिक्सर चालत नाही, दुरुस्तीचा माणूस आला नाही, असल्या. कंपनीनं सांगितलं, तीन आठवडे घरून करून दाखवा. फोन मध्ये तुटले नाहीत तर घरूनच करा. तुटले तर पहिल्या तारखेला पुण्यात ऑफिसला हजर व्हा.

म्हणजे बघा, दीपा गेली की मुलगा जाणार. त्यालाही तिकडे काहीतरी मिळालंच असतं. नात तर आईबरोबर जाणारच. आणि मी? दोघंही म्हणाले, आई, तूही चल. म्हणाले खरं, पण पुण्यात कुठल्या खोलीत माझं मशीन मांडू आणि कुणाचे टॉवेल शिवू? मी तोंडानं "बघू" म्हटलं आणि त्या दिवशी चार टॉवेलांना कडा उलट्या मारल्या.

नेटचा डबा खाली मालकांच्या पुढच्या खोलीत. नेट कंपनीच्या माणसानं एकाच घरात आमच्यासाठी वेगळी लाइन द्यायला नकार दिला, मागल्या बाजूला खांब नाही म्हणाला. मालक म्हणाले, "वेगळी कशाला? घरात नेट एकच. वाटून घ्यायचं." बोलायला सोपं होतं. पण पुढच्या खोलीच्या आणि आमच्या मध्ये काय काय होतं? दोन हात जाडीची दगडी भिंत, तिच्या पलीकडे चार लोखंडी माग, मग जिना, मग वरची स्लॅब. आमच्यापर्यंत यायचं ते नेट बिचारं धापा टाकत यायचं. पहिल्याच दिवशी दीपाचा फोन दोनदा तुटला. कानाचं काढून ती म्हणाली, "आई, बाई रडत होती तिकडं, फ्रिज बंद पडलाय म्हणून. आणि मी मधेच गायब."

मालक जिन्यात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. थोड्या वेळानं माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अक्का, तुमचा खडू द्या."

मी शिवणाचा निळा खडू दिला. पुढचे दोन दिवस मालक एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात माझा खडू घेऊन घरभर फिरले. चार पावलं टाकायची, थांबायचं, फोनवर किती काड्या दिसतात ते बघायचं आणि भिंतीवर आकडा टाकायचा. पुढच्या खोलीत चार. मागांच्या दारात तीन. जिन्याच्या तळाला दोन. सहाव्या पायरीवर एक. आणि आमच्या उंबऱ्यावर भलंमोठं शून्य.

मालकीणबाई चिडल्या. "दिवाळीला रंग दिलाय भिंतीला."

"रंग परत देता येतो," मालक म्हणाले. "तुटलं कुटं, ते आदी बगावं लागतं की."

हे त्यांचं आवडतं वाक्य. मिलमधलं. माग थांबला की नवा माणूस घाबरून सगळीकडे हात घालतो. जुना माणूस सुतावर बोट ठेवतो आणि तुटलेल्या टोकापर्यंत सरकत जातो. आमच्या उंबऱ्यावरचं ते शून्य मात्र कितीतरी दिवस तसंच राहिलं. येणारे पाहुणे विचारायचे, हे काय? मी सांगायची, आम्हाला मिळालेले मार्क.

खडूचं झाल्यावर मालक नवी पेठेत गेले आणि भिंतीतल्या प्लगला लावायचं एक यंत्र घेऊन आले. रिपीटर. लांबून आलेलं नेट ते पुढं ढकलतं म्हणे. मालकांनी मोठ्या ऐटीत ते आमच्या खोलीत लावलं, बरोबर शून्याच्या शेजारी. लाल दिवा लागला. लालच राहिला. मालक त्याच्यापुढं उभे राहिले, मग या पायावरून त्या पायावर, मग जिन्यात जाऊन परत आले, जणू त्यांची पाठ वळली की तो हिरवा होईल.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन निघाले. "तुमी चला अक्का, मी बोलताना एखादी गोष्ट सुटती." खरं म्हणजे सुटत काही नसे. दुकानात दुसरं कुणी उभं राहिलं की त्यांना फेऱ्या मारायला मोकळीक मिळायची. नवी पेठेतल्या त्या गर्दीत, रिक्षांच्या आणि साड्यांच्या गठ्ठ्यांच्या मधनं, मालक असे सरसर चालायचे की मला पदर खोचावा लागला.

दुकानदार चष्मेवाला, शांत माणूस. मालकांना चाचा म्हणायचा. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाचा, तुम्ही ते लावलं कुठं?"

"जितं नेट नाय, तितं. अजून कुटं लावनार?"

"तिथंच गडबड झाली. जिथं नेट चांगलं येतंय, तिथं लावायचं. त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नसेल तर तो पुढं काय सांगणार?"

मालक एकदम थांबले. अगदी श्वासभर. मग म्हणाले, "हे मला कळायला पायजे होतं. बहिऱ्याला निरोप दिला मी."

तो रिपीटर जिन्याच्या तळाशी लावून बघितला. थोडं सुधारलं. दोन काड्या झाल्या, पण माल अर्धाच पोचायचा. दीपाचा आवाज जायचा आणि तिकडचा यायचा नाही, नाहीतर उलट. आणि माग सुरू असले की तेवढंही धड नाही. आठवडा असा गेला. दीपानं कपाटातले हिवाळी कपडे काढून पुण्याच्या बॅगेशेजारी ठेवले.

मग मालकांनी ठरवलं की खालचा मुख्य डबाच जिन्याच्या तोंडाशी आणायचा, मागांच्या दाराबाहेर. लाइनची तार तेवढी लांब निघाली. आकडा लगेच वाढला, आमच्या उंबऱ्यावर फोनवर तीन काड्या दिसल्या. पण तिथं दुसरं दुखणं. माग चालले की रुई उडते. पांढरी, हलकी, डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा बसते. मागवाल्याच्या घरात टीव्हीला झाकण, घड्याळाला झाकण, देवाच्या फोटोला प्लास्टिक. मग नेटच्या डब्याला का नको? मालक आले आणि हातानं माप दाखवलं, "अक्का, याला एक अंगरखा शिवा."

आणि मी शिवला. काय शिवला म्हणता. टॉवेलचंच कापड, चांगलं जाडजूड, दुहेरी, कडेला लाल पट्टी, वरून दिवा दिसायला छोटी खिडकी, तारेला भोक. मालकांनी चारी बाजूंनी फिरवून बघितला. "एक कण आत जानार नाय," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, आपल्याही हाताचं काहीतरी यात लागलं.

दोन दिवस ठीक. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दीपा बाहेर आली, कानाचं गळ्यात लोंबतंय. "गेलं. पूर्ण गेलं. माझी मॅडम लाइनवर होती आई. ती स्वतः ऐकत होती."

मालक धावतच जिना उतरले. अंगरखा काढून डब्यावर तळहात टेकला आणि चटकन मागं घेतला.

"अय्यो. ताप भरलाय याला."

उकाड्याचे दिवस, खाली चार माग तापलेले, आणि वरून माझं दुहेरी टॉवेलचं पांघरूण. डबा बिचारा भाजून निघाला आणि बंद पडला. आमची सोलापूरची माणसं कुणाला थंडी वाजते म्हटलं की चादर टाकणार, आणि कशाला जपायचं म्हटलं तरी चादरच टाकणार. मी म्हटलं, "मालक, कव्हर माझं."

"सांगितलं कोनी? मी. माप कोनाचं? माझं. तुमी गप बसा."

आणि तो अंगरखा त्यांनी मालकीणबाईंना दिला. त्या तो चहाच्या किटलीवर घालायच्या. तासभर चहा कढत राहायचा. शिलाई चांगलीच होती माझी, जागा चुकली होती.

दीपाच्या मॅडमनं फोन करून सांगितलं, सोमवारी मी एक तास तुझ्याबरोबर लाइनवर बसणार. तो शेवटचा तास. हाती चार दिवस होते.

त्या चार दिवसांत मालक झोपले की नाही ठाऊक नाही, जेवले मात्र गॅलरीतच, येरझाऱ्या घालत. मग पुन्हा नवी पेठ, पुन्हा मी मागं. दुकानदारानं आता कपाटातनं दोन-तीन मोठी खोकी काढली. डब्यांच्या जोड्या, एकमेकांशी हवेतनं बोलणाऱ्या, महागाच्या. मालकांनी एक हातात घेऊन वजन बघितलं. "हे पन हवेतनंच बोलनार न्हवं?"

"हो चाचा."

"मधे दगड हाय, लोकंड हाय. हवेचं काम नाय ते. सूत वडावं लागंल."

दुकानदार हसला. "मी तेच म्हणणार होतो. खालच्या डब्यापासनं वर वायर टाका आणि वायरच्या टोकाला एक नेट पसरवणारा डबा बसवा. दगडाचं काही चालत नाही मग. वीस मीटर वायर पुरेल."

"पस्तीस द्या."

"घर केवढं आहे?"

"पस्तीस द्या. तान्याचं सूत कमी पडलं की गाठ मारावी लागती. गाठ आली की तितंच तुटतं. आनि मधे लावायचा तो डबा द्या, भोकांचा. पाच भोकांचा."

दुकानदारानं चष्मा वर केला. "चाचा, वरती एकच घर आहे ना? सरळ एक वायर न्या. पाच भोकं कशाला? एक आत यायला, एक यांच्या घरात जायला. बाकीची तीन?"

"असू द्या," मालक म्हणाले आणि दुकानाबाहेर जाऊन फेऱ्या मारायला लागले.

मुख्य डबा परत पुढच्या खोलीत नेला आणि वायर त्यांनी स्वतः टाकली. कुणाला हात लावू दिला नाही. सूत कांड्यांवर भरायचं जुनं मशीन त्यांनी मोडीत न घालता ठेवलं होतं. त्याला चिनी मातीच्या छोट्या छोट्या गुळगुळीत कड्या असतात, सूत ओढताना घासून तुटू नये म्हणून. त्या त्यांनी एकेक काढल्या, धुतल्या, आणि दोन हात अंतरानं भिंतीत ठोकत गेले. पुढच्या खोलीतनं मागांच्या बाजूनं, जिन्याच्या कठड्याखालनं, वर गॅलरीत, आमच्या दाराच्या वर. बावीस कड्या. त्यातनं पांढरी वायर ओवली, कुठं वाक नाही, कुठं ताण नाही. गॅलरीत तो पाच भोकांचा डबा, उघडा, वाऱ्यावर, आणि रोज रुई झाडायला शेजारी कोंबडीच्या पिसाचा झाडू टांगलेला. एका भोकातनं आमच्या खोलीत वायर. आणि दुसऱ्या एका भोकात उरलेल्या वायरचं टोक बसवून बाकीचं वेटोळं करून खिळ्याला लटकवलं.

मी विचारलं, "हे कुणाचं?"

"शिल्लक हाय. असू द्या."

सोमवार उजाडला. दहा वाजता दीपाचा तास. पावणेदहाला मालकांनी खाली जाऊन चारही माग बंद केले. मी वरनं ओरडले, "अहो, आता गरज नाही, वायर आहे."

"माज्या मनाला हाय गरज," ते म्हणाले.

आता आमच्या गल्लीचं एक तुम्हाला सांगायला हवं. तिथं सकाळपासनं खडखड खडखड चालू असते, आणि ती कुणाला ऐकू येत नाही. ऐकू येतं ते फक्त बंद पडलेलं. भर दिवसा, लाइट असताना, एका घराचे सगळे माग एकदम थांबले, तर त्याचा अर्थ गल्लीत एकच. त्या घरात कुणीतरी गेलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी पहिले शेजारी आले. टोपी काढून हातात घेतलेली. मग दोघी बायका, डोक्यावरनं पदर. मग समोरचा माणूस, त्यानं तर आपला एक मागही बंद केला होता, मान द्यायला. सगळे अंगणात उभे, कुणी विचारत नाही, सगळ्यांचे डोळे मालकीणबाईंच्या दाराकडे, कारण त्यांचे गुडघे दुखायचे हे सगळ्यांना माहीत. तेवढ्यात मालकीणबाईच किटली घेऊन बाहेर आल्या, अंगरख्यासकट. एक बाई हबकून मागं सरली.

"कोन गेलं?" समोरच्यानं शेवटी हळूच विचारलं.

मालक जिन्यातनं दोन्ही हात वर करून खाली आले. "आगंडी, आगंडी. कोन नाय गेलं. सून बोलालीय. पुन्याशी."

"सून? तुमची?"

"अक्काची. हळू बोला."

मग ती सगळी माणसं तिथंच थांबली. आलोच आहोत तर. अंगणात पंधरा-वीस माणसं, कुणी शब्द काढेना, चहाचे कप फिरतायत, आणि वरनं दीपाचा आवाज स्वच्छ येतोय, "हो मॅडम, तुमची तक्रार मी लिहून घेतली आहे, अजून काही मदत करू का?" तास संपला. दीपा गॅलरीत आली, खाली एवढी गर्दी बघून दचकली. मग नुसती मान हलवली. हो अशी.

गल्ली हसली, बोलली, पांगली. समोरच्यानं जाऊन आपला माग चालू केला. मी डोळ्याला पदर लावला. मालक मात्र तिथं नव्हते. मी बघते तर पाच भोकांच्या डब्यापुढं उभे, दिव्यांकडे बघत. डब्यावर तळहात टेकलेला.

"गरम नाय," म्हणाले. "आता चालतंय."

त्यानंतर दीड वर्ष रोज सकाळी मालक वर यायचे. चप्पल जिन्यात काढायचे, पिसाचा झाडू फिरवायचे, तळहात टेकायचे, पायापासनं डोक्यापर्यंत वायरवर बोट फिरवत जायचे, आणि जाताना म्हणायचे, "हिरवा हाय." दीपा म्हणायची, काका, बसा ना, चहा घ्या. तर, "बसलो की झोप येती." गॅलरीत तिकडच्या अंगाला, कुलूपवाल्या खोलीकडे, त्यांनी रिकामे बीम रचून ठेवले होते, सूत गुंडाळायचे ते मोठे रूळ. तिकडेही जाऊन यायचे. मला वाटायचं, बीम बघायला जातात.

मग मालकीणबाईंचे गुडघे पारच गेले. मुलानं पुण्यात मोठं घर घेतलं होतं, लिफ्टचं. त्यांनीच ठरवलं. "अक्का, मी आयुष्यभर या मानसाच्या मागं चालले. आता लिफ्टनं जाणार." मालकांनी वाद घातला नाही. माग विकले. ज्या दिवशी माग उचलून नेले त्या दिवशी दुपारपासनं खाली सामसूम झाली. मी शिवता शिवता कान लावून बसले होते, कोण येतं बघायला. कुणी आलं नाही. कोण गेलं, म्हणून विचारायला एक माणूस आला नाही. गल्लीत तोवर अर्ध्या घरांत सामसूमच होती, नव्या सामसुमीकडे कुणाचं लक्ष जाणार?

घराची किल्ली माझ्याकडे ठेवली. नेटची लाइनही त्यांच्याच नावावर चालू ठेवली. निघताना टॅक्सीत बसायच्या आधी मालक एकदा वर जाऊन आले. त्यांना मी टॅक्सीतसुद्धा नीट बसलेलं पाहिलं नाही. दोनदा उतरले.

आठ-दहा दिवसांनी माग घेणाऱ्याची माणसं राहिलेले बीम न्यायला आली. बीम हलले आणि मागची भिंत उघडी पडली. मी झाडू घेऊन गेले, तर भिंतीत पांढरं काहीतरी चमकलं. चिनी मातीची कडी. मग दोन हात अंतरावर दुसरी. मग तिसरी. पाच भोकांच्या डब्यापासनं निघून, गॅलरीच्या त्या टोकापर्यंत, कुलूप लावलेल्या दाराच्या चौकटीला लागून शेवटची. चौदा कड्या होत्या. सगळ्या रिकाम्या. आणि चौकटीवर माझ्या निळ्या खडूनं टाकलेला आकडा, शून्य, पुसून पुसून पुन्हा टाकलेला.

मी झाडू ठेवला. मग स्टूल आणलं. दीपा म्हणाली, आई, पडशील. मी म्हटलं, धर मग. खिळ्यावरचं वेटोळं सोडलं आणि वायर एकेका कडीतनं ओवत गेले. मालकांसारखी सफाई नाही जमली, दोन ठिकाणी झोळ पडला. पण दारापर्यंत पोचली. आणि पोचल्यावरही हातभर शिल्लक राहिली. पस्तीस मीटर बरोबर होते.

मालकांचा दर रविवारी फोन येतो, व्हिडिओचा. फोन त्यांच्या हातात असतो म्हणजे मला माणूस कमी आणि छत, पंखा, भिंत, पुन्हा छत जास्त दिसतं. अकराव्या मजल्यावर एवढंसं घर, तिथंही चालतच असतात. त्या रविवारी मी मनाशी ठरवून बोलले, "मालक, त्या चौदा कड्यांतनं वायर घातली मी. मुलाच्या दारापर्यंत नेलीय."

आणि पडद्यावर मालक थांबले. एकदम. खिडकीपाशी वळताना, एक हात अर्धा वर, तोंड जरासं उघडं. नऊ वर्षांत न पाहिलेले मालक मी त्या दिवशी पाहिले. किती म्हातारे झाले होते. चालण्यात ते कधी दिसलंच नव्हतं.

मग चित्र हललं. पंखा दिसला, भिंत दिसली.

"काय म्हनलाव अक्का? मधे तुटलं बगा. पोराच्या घरचा डबा कपाटात कोंबलाय, मी सांगालोय त्याला." जरा थांबून म्हणाले, "काय म्हनलाव?"

त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही.

"काही नाही मालक," मी म्हटलं. "हिरवा आहे म्हटलं."

"नुसतं बगू नका. हात लावून बगा, गरम हाय का."

मी फोन तसाच हातात धरून गॅलरीत गेले, आणि डब्यावर तळहात टेकला.